कामाचं खरं चित्र

रेडिओवर बसून व्हिडिओबद्दल बोलायचं, हे तसं अवघडच. मी तुम्हाला काही दाखवू शकत नाही, फक्त सांगू शकतो. पण दाखवणं आणि सांगणं यांत कुठं काय निसटतं, तेच आज आपल्याला बघायचं आहे. नोकरीसाठी माणसं बोलावताना आणि निवडताना अलीकडे व्हिडिओचा वापर फार वाढला आहे. कंपनी आपला व्हिडिओ दाखवते, उमेदवार आपला व्हिडिओ पाठवतो. यातून योग्य जागी योग्य माणूस जातो का, आणि जावा यासाठी काय करायला हवं, हा आजचा विषय.

सुरुवात मात्र करतो नांदेडच्या उस्मानशाही मिलपासून. निजामाच्या काळात उभी राहिलेली ही कापड गिरणी बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून गावात आहे. माझे अब्बा तिथे बदली कामगार होते. शाळा सुटली की त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असे. फाटकापाशी डबा द्यायचा आणि परत फिरायचं, असा नियम. पण पहारेकरी ओळखीचा होता, कधीमधी आत सोडायचा. आत पाऊल टाकलं की आधी आवाज अंगावर यायचा. मागांचा खडखडाट इतका की माणसं ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. हवा दमट, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. अब्बांच्या भुवयांवर कापसाचा पांढरा थर बसलेला. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, पण गिरणीतलं काम म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या गल्लीतली जी मुलं पुढे गिरणीत लागली, ती बहुतेक अशीच डबा घेऊन जाणारी होती. काहींनी ते सगळं बघून ठरवलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. मी त्यांतला एक. बी. ए. केलं, कारकुनी केली, कविता लिहिल्या. ज्यांनी ठरवलं की आपण हे करू, ते टिकले. पहिल्या दिवशी त्यांना आत नवं असं काही दिसलंच नाही. आवाज ठाऊक होता, घाम ठाऊक होता, पगाराच्या दिवशी घरात काय आनंद असतो तोही ठाऊक होता.

आता काम लांब गेलं. नांदेड-लातूरचा मुलगा चाकणला जातो, रांजणगावला जातो, हैदराबादला जातो, जमलं तर आखातात जातो. तिथवर डबा घेऊन जायला वाट नाही. मधल्या काळात कामाची माहिती मिळायची ती कुणाच्या तरी तोंडून. गावातला आधी गेलेला माणूस दिवाळीला नवे कपडे घालून यायचा आणि चार चांगल्या गोष्टी सांगायचा. ऊसतोडीचा मुकादम उचल हातात ठेवायचा आणि फडावरच्या थंडीबद्दल गप्प राहायचा. आणि आता आला मोबाईलवरचा व्हिडिओ. वाटलं होतं, चला, आता काम डोळ्यांनी दिसेल. दिसलं का?

आमच्या गल्लीतल्या एका मुलाची हकिगत सांगतो. त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. मुलगा आयटीआय झालेला, फिटर. त्याच्या मोबाईलवर भरतीचा एक व्हिडिओ आला. चकचकीत कारखाना, निळ्या गणवेशातली हसरी पोरं, कॅन्टीनमध्ये भरलेली ताटं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मागे जोरदार संगीत. खाली लिहिलेलं, ‘आमच्या परिवारात सामील व्हा.’ त्याच्या अम्मीनं कानातले गहाण ठेवले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं तो गेला. तिथे बारा-बारा तास उभं राहून एकच पार्ट मशीनला लावायचं काम होतं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. राहायला एका खोलीत आठ जण, आणि खोलीपासून कारखान्यापर्यंत जायला-यायला रोजचे दोन तास. एकोणिसाव्या दिवशी तो परत आला. मी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, “चाचा, व्हिडिओ में वैसा कुछ बी नै था.”

गल्लीनं निकाल देऊन टाकला, टिकला नाही. हा शब्द आपण फार सहज वापरतो. टिकला नाही म्हणजे पोरगाच कच्चा. मला तसं वाटलं नाही. त्या व्हिडिओतलं एकही दृश्य खोटं नव्हतं. कारखाना खरा होता, गणवेश खरा होता, केकही कुणीतरी खरोखरच कापला असेल. पण बारा तासांतली पाच मिनिटं दाखवली होती आणि बाकीची वेळ झाकली होती. मुलाचं भाड्याचं नुकसान झालं, घरावर कर्ज आलं, आणि चारचौघांत त्याची मान खाली गेली ती वेगळीच. नुकसान कंपनीचंही झालं. एक माणूस निवडायचा, त्याला शिकवायचं, हात बसायच्या आत तो निघून जाणार, मग पुन्हा दुसरा शोधायचा. भरती करणाऱ्याला वाटतं, गर्दी जमली म्हणजे व्हिडिओ चांगला झाला. पण त्या गर्दीतले किती जण सहा महिन्यांनी कामावर आहेत, हे मोजल्याशिवाय व्हिडिओ चांगला की वाईट हे कळत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास फार पूर्वीपासून झाला आहे. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं त्याच वर्षी, अमेरिकेत जोसेफ वाइट्झ नावाच्या संशोधकानं विमा एजंटांवर एक प्रयोग केला. काही उमेदवारांना आधीच एक पुस्तिका पाठवली. एजंटाचं काम कसं असतं, दिवसभर काय करावं लागतं, ते तीत लिहिलेलं होतं. ज्यांना पुस्तिका मिळाली, त्यांच्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी निघालं.

पुढे १९७३ साली जॉन वॅनस या संशोधकानं टेलिफोन ऑपरेटरच्या कामावरचे दोन चित्रपट वापरून अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा या कामावर बहुतेक मुलीच असत. एक चित्रपट नेहमीच्या जाहिरातीसारखा, सगळं छान-छान. दुसऱ्यात कामाची चांगली बाजू होतीच, पण कंटाळवाणी बाजूही होती. तेच-ते काम, पाठीशी सतत उभी असलेली देखरेख, शेजारणीशी दोन शब्द बोलायलाही सवड नाही. आता तुम्ही म्हणाल, दुसरा चित्रपट बघून मुली पळाल्या असतील. तसं झालं नाही. नोकरी स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. फरक पडला तो पुढे. खरं चित्र बघून आलेल्या मुलींच्या अपेक्षा जमिनीवर होत्या, नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्या मनात कमी येत होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्यांनी काम केलं आहे त्यांना या मुली लगेच ओळखीच्या वाटतील.

हे का होतं, याची तीन कारणं सांगितली जातात, आणि तिन्ही आपल्या रोजच्या व्यवहारातली आहेत. पहिलं, माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. ज्याला रात्रपाळी जमणार नाही तो आधीच बाजूला होतो, त्याचाही वेळ वाचतो आणि मालकाचाही. दुसरं, त्रासाची आधी कल्पना असली की त्रास सोसवतो. वॅनसनं याला लसीची उपमा दिली आहे. लसीत रोगाचा थोडासा अंश असतो, तो आधी शरीरात गेला की खऱ्या रोगाशी लढायची तयारी होते. तसा हा वास्तवाचा डोस. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्यानं आपल्याला खरं सांगितलं, त्याच्यावर आपला विश्वास बसतो. सोयरीक जुळवताना मुलाचा पाय थोडा अधू आहे हे जे लोक आधीच सांगतात, त्यांच्याबद्दल पुढे आयुष्यभर तक्रार राहत नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढच्या काळात असे अनेक अभ्यास झाले. त्यांतून दिसलं की या उपायाचा परिणाम होतो, पण तो माफक असतो. खरा व्हिडिओ केला म्हणजे उद्यापासून कुणी नोकरी सोडणार नाही, असं कुणी सांगत असेल तर तोही एक भरतीचाच व्हिडिओ समजा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नाना पाटेकर यांचा ‘प्रहार’ आठवा. १९९१ सालचा चित्रपट. कमांडोंचं प्रशिक्षण त्यात असं दाखवलं आहे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. तो काही भरतीसाठी काढलेला नव्हता. पण तो बघून माझ्या ओळखीचे दोघं म्हणाले, सैन्यात जायचंच, आणि एक जण शांतपणे म्हणाला, हे आपलं काम नव्हे. मला वाटतं, तिघांचाही त्यात फायदाच झाला. आज नांदेडमध्ये, लातूरमध्ये पहाटे मैदानावर जा. पोलीस भरतीसाठी धावणारी शेकडो मुलं-मुली दिसतील. त्यांच्या मोबाईलमध्ये वर्दीचे व्हिडिओ असतात, त्यांत संचलन असतं, सलामी असते, मागे गाणं असतं. सणाच्या दिवशी घर सोडून चौकात उभं राहणं त्यांत नसतं, बंदोबस्ताच्या रात्री रस्त्याच्या कडेला खाल्लेला डबा नसतो. एखाद्या हवालदारानं आपल्या अशा एका दिवसाचं खरं चित्रण या मुलांना दाखवलं, तर निम्मी मुलं मैदान सोडतील असं मला मुळीच वाटत नाही. उलट जी उरतील ती जास्त जीव तोडून धावतील.

लातूर तूरडाळीचं आणि सोयाबीनचं मोठं केंद्र आहे, हे आपल्याला माहीत आहेच. तिथल्या एका डाळमिलच्या मालकांशी बोलणं झालं. तक्रार नेहमीचीच, माणसं मिळत नाहीत, मिळाली तर राहत नाहीत. मी म्हणालो, “शेठजी, तुम्ही जाहिरातीत काय लिहिता?” म्हणाले, “पाहिजेत. आकर्षक पगार.” मी म्हटलं, “धूळ लिहिता का? पोती लिहिता का?” हसले. म्हणाले, “कवी माणूस तुम्ही. धूळ लिहिली तर येईल कोण?” पण त्यांच्या पुतण्याला ते पटलं. त्यानं मोबाईलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ केला. पोतं पाठीवर घेणारा माणूस, चाळणीजवळ उडणारा भुसा, तोंडाला बांधलेला रुमाल, दुपारची जेवणाची सुट्टी, आणि शनिवारी हातात पडणारी रोख मजुरी. बोलला तो तिथलाच एक जुना हमाल, आपल्या उदगिरी बोलीत. नंतर शेठजी भेटले तेव्हा म्हणाले, “आले कमी. पण ‘हे आम्हाला सांगितलं नव्हतं’ असं एकही जण म्हणाला नाही.” एका मिलवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

असा व्हिडिओ करायला फार पैसा लागत नाही. मोबाईल पुरतो. लागतं ते धाडस. त्यात काय असावं? सगळ्यांत आधी, काम करणारा माणूस बोलावा, साहेब नको. साहेबाला कामाचं वर्णन येतं, पण दुखणाऱ्या टाचा माहीत नसतात. त्यानं लिहून दिलेलं वाचू नये, आपल्या भाषेत बोलावं. मराठवाडी बोलीत बोलला तर मुखेडच्या, निलंग्याच्या पोराला ते आपलं वाटतं. दुसरं, कामाचा आवाज तसाच राहू द्यावा, त्यावर गाणं चढवू नये. मशीन किती जोरात चालतं हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. तिसरं, दिवसातली सगळ्यांत अवघड वेळ दाखवावी. पहाटे चारची रात्रपाळी दाखवावी, मे महिन्यातली दुपारची भट्टी दाखवावी. आणि चौथं, चांगलं जे आहे तेही मोकळेपणानं दाखवावं. हाताला कसब येतं, मुकादम शिकवतो, तीन वर्षांत माणूस कुठवर जातो, हे खरं असेल तर लपवायचं कारण काय?

आणि पगार. इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. व्हिडिओत एक आकडा झळकतो आणि हातात दुसराच पडतो. कंपनी सांगते तो आकडा पुष्कळदा वर्षाचा एकूण खर्च असतो. त्यात भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्साही मिळवलेला असतो. कामगाराचा स्वतःचा हिस्सा, साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के, पगारातून कापला जातो. हे पैसे बुडत नाहीत, ते आपलेच असतात, पण महिन्याच्या शेवटी खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही. तेव्हा व्हिडिओत हातात येणारा पगार सांगावा, खोलीचं भाडं सांगावं, मेसचा खर्च सांगावा. उरलेल्या पैशांतून गावी किती पाठवता येईल, याचा हिशोब आपल्याकडची अम्मी किंवा आई लगेच करते. कानातले गहाण ठेवायचे की नाही, हे तिला त्यावरून ठरवायचं असतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. खरा व्हिडिओ दाखवला म्हणून वाईट काम चांगलं होत नाही. ‘आम्ही आधीच दाखवलं होतं’ असं म्हणून मालकाला हात झटकता येणार नाहीत. धूळ दाखवावी, पण तोंडावर बांधायला धड मास्कही द्यावा. आणि व्हिडिओ हा काही करार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा व्हिडिओ कितीही आवडला तरी मुलांनो, पत्र मागा. त्यात काम काय, पगार किती, हे लिहिलेलं आहे का ते वाचा.

परदेशाच्या नोकरीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. आपल्या भागातून आखातात जाणारे पुष्कळ आहेत. मोबाईलवर उंच इमारतींचे, वातानुकूलित खोल्यांचे व्हिडिओ येतात. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणी काढला, काही पत्ता नसतो. १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी असावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. एजंटानं उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादाही ठरलेली आहे, तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर. जो लाख-दोन लाख मागतो, त्याचा व्हिडिओ कितीही देखणा असो, तिथेच थांबा. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. चांगल्या नोकरीच्या आमिषानं नेऊन त्यांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कामाला जुंपलं होतं. खोटं चित्र माणसाला कुठवर नेऊन सोडतं, याचं याहून कठोर उदाहरण नको.

आता नाण्याची दुसरी बाजू. कंपनी आपल्याला व्हिडिओ दाखवते, तशी आता ती आपलाही व्हिडिओ मागते. २०२० साली कोरोनाची टाळेबंदी आली, तेव्हा मुलाखती पडद्यावर गेल्या आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच राहिल्या. त्यातला एक प्रकार असा, की समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला थोडे सेकंद मिळतात, मग दोन-तीन मिनिटांत उत्तर बोलायचं. ते रेकॉर्ड होतं आणि साहेब सवडीनं बघतात.

याचा फायदा आपल्या भागाला नक्की आहे. किनवटच्या किंवा देगलूरच्या मुलीला अर्ध्या तासाच्या मुलाखतीसाठी पुण्याला जायचं तर दोन रात्रींचा प्रवास, सोबतीला भाऊ किंवा वडील, दोघांचं भाडं, मुक्काम. पुष्कळ मुलींच्या नोकऱ्या मुलाखतीपर्यंत पोचायच्या आधीच संपतात त्या अशा. मोबाईलवरच्या मुलाखतीनं हा खर्च वाचवला, ही लहान गोष्ट नाही.

पण अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. माझ्या परिचयातल्या एका मुलीनं असा व्हिडिओ गच्चीवर उभं राहून केला. घरात दोनच खोल्या, खाली कुकरची शिट्टी, रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा, आणि नेट फक्त गच्चीवर. तिनं पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हटली. मी बघितलं, तर जी मुलगी एरवी हिशोबातली चूक एका नजरेत पकडते, ती त्यात घाबरलेली बाहुली दिसत होती. मी म्हटलं, “बेटा, हे कोण आहे? तू दुकानाचं खातं कसं जुळवलंस ते सांग ना.” दुसऱ्या वेळी तिनं वही हातात धरली आणि साध्या शब्दांत तेच सांगितलं. इंग्रजी तोडकंमोडकंच होतं, पण माणूस दिसला. आपल्या मुलांना मी हेच सांगेन. व्हिडिओत आपला चेहरा दाखवण्यापेक्षा आपलं काम दाखवा. वेल्डर असाल तर केलेला जोड दाखवा, शिवणकाम येत असेल तर उलट्या बाजूची शिलाई दाखवा, शिकवत असाल तर एखादं गणित शिकवून दाखवा.

आणि निवडणाऱ्यांना काय सांगू? आकाशवाणीच्या ऑडिशनला मी बसलो आहे. काचेपलीकडे बसलेल्यांना माझ्या आवाजाशी काम होतं. माझा शर्ट इस्त्रीचा होता की नाही, याचा तिथे काही संबंध नव्हता. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक वाद्यवृंदांत वादक निवडताना मध्ये पडदा लावतात. चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून खाली गालिचाही घालतात. व्हिडिओत नेमकं उलटं होतं. काम दिसण्याआधी चेहरा दिसतो, रंग दिसतो, डोक्यावरची ओढणी दिसते, मागच्या भिंतीचे पोपडे दिसतात, बोलीतला हेल ऐकू येतो. यांतल्या कशाचाही फिटरच्या कामाशी संबंध नाही. म्हणून सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, आणि गुण कशाला द्यायचे हे आधी ठरवलेलं असावं. एकानं नव्हे, दोघांनी स्वतंत्रपणे बघावं. आणि जमेल तिथे आधी काम तपासावं, चेहरा मागाहून.

काही ठिकाणी हे बघण्याचं कामही यंत्राकडे दिलं गेलं. ‘हायरव्ह्यू’ ही या क्षेत्रातली मोठी अमेरिकन कंपनी. उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भाव संगणकानं वाचून गुण देण्याची पद्धत तिनं वापरली होती. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२१ च्या सुरुवातीला तिनं ती बंद केल्याचं जाहीर केलं. चेहऱ्यावरून माणसाची लायकी ओळखणं आपल्या ज्योतिषांना जमलं नाही, ते यंत्राला कसं जमणार? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२० पासून असा कायदाच आहे, की उमेदवाराचा व्हिडिओ यंत्र तपासणार असेल तर त्याला तसं आधी सांगायचं, संमती घ्यायची आणि त्यानं मागणी केली तर तीस दिवसांत व्हिडिओ पुसून टाकायचा. आपल्याकडे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आपला चेहरा आणि आवाज ही आपली माहिती आहे. ती कुणाकडे, कशासाठी गेली, हे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

हे सगळं आज बोलायचं कारण एवढंच की आपल्या भागात पुन्हा काम येण्याची चिन्हं आहेत. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १२० वंदे भारत शयनयान गाड्यांसाठी भारत-रशिया भागीदारीतल्या कंपनीशी रेल्वेचा करार झाला. अशा कारखान्यांना हात लागतात. ते हात शोधताना आपल्या आयटीआयमधल्या पोरांना वंदे भारतचं चकाकतं तोंड दाखवलं जाईल, ते दाखवावंच. पण डब्याच्या पोटात वाकून करायचं वेल्डिंगही दाखवावं. काच लावलेल्या टोपात घामानं भिजलेला चेहराही दाखवावा. आणि आपण जोडलेला डबा पहिल्यांदा रुळावर चढताना त्या माणसाला काय वाटतं, तेही त्याच्याच तोंडून ऐकवावं.

जाता जाता आमच्या गल्लीतल्या त्या मुलाचं सांगतो. तो काही महिने घरी बसला. कुणी विषय काढला की उठून जायचा. मग त्याच्या मावसभावानं दुसऱ्या एका कारखान्यातली जागा सुचवली. हा म्हणाला, आधी बघणार. मावसभावानं वरिष्ठांची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी मोबाईलवरून त्याला पाळीचा बराचसा भाग दाखवला. मशीन, आवाज, तेल, बसायला मिळणारी वेळ, राहायची खोली, खोलीतला पंखा. मधे नेट तुटायचं, पुन्हा जोडायचे. अम्मीही शेजारी बसून बघत होती. तिनं एकच प्रश्न विचारला, पाणी कुठलं पितात? मावसभावानं नळ दाखवला.

काम तिथेही सोपं नव्हतं. पण यावेळी तो जाताना कुणी कानातले गहाण ठेवले नाहीत, कारण मावसभावानं खर्चाचा आकडा आधीच सांगितला होता. त्याला जाऊन आता वर्ष होऊन गेलं. परवा ईदला आला होता. मी विचारलं, “कैसा है काम?” म्हणाला, “वैसाच है चाचा, जैसा देखा था.”

मला एकदम अब्बांचा डबा आठवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)